स्वयंपाकघरातली शांतता

त्या संध्याकाळी माझा नवरा माझ्या मागे येऊन थांबला. झालं ते एवढंच. मी ओट्यापाशी भांडी विसळत होते, त्याला वरच्या फळीवरचा त्याचा कप हवा होता, त्याने माझ्या खांद्यावरून हात वर नेला आणि तो हात कपाच्या जरा अलीकडे हवेत तसाच राहिला. मग त्याने कप घेतला, गाळणं कुठे ठेवलंस म्हणून विचारलं, आणि चहा गाळून घेऊन बाहेर गेला. यात दचकण्यासारखं काय आहे, असं कोणीही म्हणेल. माझं काम हे नसतं तर मीही म्हटलं असतं. पण ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. त्याच दुपारी मी ते माझ्या हाताने कापून बसवलं होतं. मालिकेतला भाडेकरू मालकिणीच्या खांद्यावरून हात नेऊन फळीवरचा डबा काढतो, आणि डब्याला हात लागायच्या आधी जेवढा थांबतो, तेवढंच. माझ्या पडद्यावर ती जागा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी रुंद दिसते. तो भाग अजून कोणी ऐकलेला नव्हता, ऐकवला जायला चांगला आठवडा होता. माझ्या हातून बशी वगैरे निसटली नाही, तसलं मला जमत नाही. मी ती नीट पालथी घातली, नळ बंद केला, आणि नळ बंद केल्यावर घरात जे उरलं ते ऐकत उभी राहिले.

मी आवाज कापते आणि जोडते. लोक फोनवर, कानात बोंडं घालून ज्या मालिका ऐकतात, त्यांतली एक गेलं वर्षभर माझ्याकडे आहे. एक घरमालकीण आणि तिच्या वरच्या मजल्यावर राहणारा भाडेकरू, एवढीच गोष्ट. तो काही ना काही मागायला खाली येतो, तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो, आणि परत जातो. लिहिणाऱ्याला आम्ही लेखकराव म्हणतो. लेखकराव लिहितात, ‘झाकण कुठे आहे?’ ‘तिथेच असेल.’ आणि खाली कंसात लिहितात, ‘इथे काहीतरी.’ पहिल्यांदा तो कंस पाहिला तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मी फोन करून विचारलं, काहीतरी म्हणजे काय? ते जेवत होते. घास गिळून म्हणाले, “म्हणजे काही होऊ द्यायचं नाही, पण आता होईल असं वाटत राहिलं पाहिजे.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. सांगायला त्यांचं काय जातं. मालकिणीचा आवाज आमच्या बाईसाहेबांचा आणि भाडेकरूचा आवाज ज्याचा, त्याला सगळे खर्ज म्हणतात. या दोघांचं कधीकाळी कशावरून तरी फाटलं, ते आता त्यांनाही नीट आठवत नसावं, पण एका दिवशी दोघं येत नाहीत. खर्ज सोमवारी येऊन भिंतीला सांगतो, ‘हात भाजेल.’ बाईसाहेब गुरुवारी येऊन त्याच भिंतीला सांगतात, ‘भाजू दे.’ या सोमवार आणि गुरुवारच्या मध्ये जी हवा आहे ती तापवणं हे माझं काम.

ती कशी तापते हे मला कोणी शिकवलं नाही. चुका करत शिकले. गोड शब्दांनी काही होत नाही हे पहिलं कळलं. भाडेकरू ‘तुम्ही फार सुंदर दिसता’ म्हणाला की ऐकणारी बाई पाणी प्यायला उठते. तो ‘झाकण कुठे आहे’ म्हणाला, आणि ‘झाकण’च्या आधी त्याला श्वास घ्यावा लागला, तर ती हातातलं काम टाकून बसते. हात रिकामा असू नये, त्यात डबा, फडका, किल्ली असं काहीतरी असावं, म्हणजे तो हात कुठे जायला हवा होता ते न सांगता कळतं. पलीकडच्या खोलीत तिसरं माणूस असावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे श्वास घ्यायचा, सोडायचा नाही. घेतलेला श्वास म्हणजे उघडं दार. सोडला की लागलं. आमचा प्रत्येक भाग असाच संपतो. तो जवळ येतो, ती श्वास घेते, आपण थांबतो, आणखी थांबतो, नको होईपर्यंत थांबतो, मग ती श्वास सोडते आणि संगीत सुरू होतं. सोडलेला श्वास म्हणजे, गेलं, आजचं गेलं, उद्या या. वर्षभर मी या दोघांना रोज जवळ आणलं आणि रोज परत पाठवलं. लेखकराव म्हणतात यातच सगळी गंमत आहे, भेटले की दुकान बंद.

अडचण बाईसाहेबांच्या श्वासाची होती. बोलतात रेशमासारखं, पण श्वास घेतात जिना चढून आल्यासारखा. मग एकदा सगळे जेवायला गेलेले असताना मी काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसले आणि माझेच श्वास भरून घेतले. घेतलेले, अडवलेले, अर्धे गिळलेले, सोडलेले. त्या खोलीत एकटीने बसून असं श्वास घेताना मला पहिल्यांदा आपलीच लाज वाटली, मग लाज गेली, आणि नंतर जे श्वास आले ते मी अजून वापरते. कोणाच्या लक्षात आलं नाही. ऐकणाऱ्यांची पत्रं येऊ लागली की मालकिणीचा श्वास ऐकून अंगावर काटा येतो. बाईसाहेबांनी ती स्तुती आपल्या ताटात वाढून घेतली. “तो रियाजाचा भाग आहे,” असं त्या मलाच समजावून सांगत होत्या. मी मान डोलावली.

श्वासांखाली खोली लागते. हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं, पण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. आमच्या स्टुडिओतली शांतता मेलेली असते, कानात कापूस कोंबल्यासारखी. तिच्यात कोणी श्वास घेतला तर तो माणसाचा वाटत नाही. मला स्वयंपाकघर हवं होतं. म्हणून मालिका सुरू झाली तेव्हाच एका दुपारी मी यंत्र घेऊन घरी आले. सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या, नवरा कामावर. मी फ्रिज बंद केला, खिडकी लावली, यंत्र ओट्यावर ठेवलं, आणि दाराकडे पाठ करून, श्वास रोखून दगडासारखी उभी राहिले. माझा श्वास जेवढा टिकला तेवढीच शांतता मला मिळाली. तोच तुकडा मी पुढे वर्षभर सगळ्या प्रसंगांखाली अंथरला, लहान चादरी जोडून मोठं अंथरूण करावं तसा. लोक म्हणतात मालकिणीचं स्वयंपाकघर अगदी खरं वाटतं. वाटणारच. माझंच आहे ते.

माझा नवरा कवळ्या बनवतो. एका तळमजल्यावरच्या खोलीत तो आणि त्याचा भागीदार लोकांच्या जबड्यांचे साचे मांडून बसतात. प्लास्टरचं पीठ त्याच्या बोटांच्या चिरांतून कधीच पूर्ण जात नाही. सुकलं की त्याला टोचतं, आणि तो अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहतो. बोलताना, वाचताना, टीव्ही बघताना, खर् खर् खर्. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांनी, एका सुट्टीच्या दुपारी त्याने मला ती खोली दाखवायला नेलं होतं आणि गंमत म्हणून माझ्या दातांचा ठसा घेतला होता. खुर्चीवर बसवलं, थंड लगदा भरलेला चमचा तोंडात दाबला, आणि हनुवटी तळहातावर धरून म्हणाला, हलू नकोस, घट्ट होईपर्यंत. मला बोलता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं, फक्त नाकाने श्वास घेता येत होता. आणि त्याचा चेहरा एवढा जवळ, की त्याच्या पापणीवरचा पांढरा कण मला दिसत होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता, घड्याळाकडे पाहत होता. थोड्या वेळाने त्याचं घड्याळाकडे लक्ष राहिलं नाही. मी खरंच सांगते, पुढे नवराबायकोत जे काही व्हायचं ते सगळं झालं, पण त्याच्याइतकं जवळ मला कोणी कधी आलं नाही. माझ्या दातांचा तो साचा अजून त्याच्या फळीवर आहे. परक्या माणसांच्या तोंडांच्या रांगेत माझंही तोंड किंचित उघडं, काहीतरी सांगायला निघाल्यासारखं.

मग सासूबाई न्हाणीघरात पडल्या. मांडीचं हाड. रात्री त्यांना उठवायला कोणीतरी हवं म्हणून नवरा त्यांच्या खोलीत झोपायला लागला, तात्पुरता. हाड जुळलं, काठी आली, काठी गेलीसुद्धा, आता त्या एकट्या घरभर फिरतात, आणि त्याची गादी तिथेच राहिली. भांडण नाही, अबोला नाही. कोणी विचारलं असतं तर सांगायला कारणही नव्हतं. मी एकदोनदा पलंगावरची त्याची उशी झटकून ठेवली, तर त्याला वाटलं मी धुवायला काढते आहे, आणि तो ती उशीच उचलून आईच्या खोलीत घेऊन गेला. तीन-चार वर्षं होतील. एवढ्या काळात तो माझ्या मागे येऊन थांबला नव्हता. कप घ्यायचा तर ‘जरा’ म्हणायचा आणि मी बाजूला सरकायचे.

म्हणून त्या संध्याकाळनंतर मी लक्ष ठेवायला लागले. दुसऱ्या दिवशी मी कामावर मुद्दाम जागा लांबवली, नख आणि वर आणखी थोडं. संध्याकाळी तो आला, हात वर गेला, आणि तेवढाच जास्त वेळ हवेत थांबला. तिसऱ्या दिवशी मी हात वगैरे काही ठेवलंच नाही, भाडेकरू नुसता दारात येऊन उभा राहतो असं केलं. त्या संध्याकाळी नवऱ्याला कप नको होता. तो दारात येऊन उभा राहिला, मी मान वळवली नाही, मग पावलं आत गेली. चौथ्या दिवशी मालकिणीच्या मानेवर पाण्याचा थेंब आहे आणि भाडेकरू ‘इथे’ एवढंच म्हणतो. हे लेखकरावांनी नव्हतं लिहिलं, दुसऱ्या एका भागातला ‘इथे’ काढून मीच बसवला होता. संध्याकाळी मी केस धुऊन ओट्यापाशी आले. आता हे मी त्यासाठीच केलं की केस धुवायचा दिवसच होता, ते मला सांगता येणार नाही. तो मागे आला. थांबला. आणि म्हणाला, “इथे फेस राहिलाय.” बोट लावलं नाही. पण त्याचं बोट मानेपासून किती अंतरावर आहे ते माझ्या मानेला कळत होतं. मी श्वास घेतला होता तो शेवटी सोडावा लागला, आणि तो गेला.

त्या काळात मी दिवसभर कसल्या अवस्थेत असायचे ते सांगायची सोय नव्हती. एका बाजूने मला सुख होत होतं. चाळिशी उलटलेल्या बाईने संध्याकाळच्या भांड्यांची वाट पाहावी, असं सुख. आणि दुसऱ्या बाजूने भीती वाटत होती, कारण हे थांबणं त्याचं नव्हतं, माझं होतं. कामावर बसून मी जे कापत होते ते घरी जाऊन त्याला होत होतं. मी नवऱ्यालाच पडद्यावर घेऊन बसले होते. हवा तिथे थांबव, नको तिथे उचल. मग तो कुठे होता? जो माझ्या मागे येऊन उभा राहत होता त्याला मी हवी होते, की त्याला कोणीच नको होतं आणि तो नुसता खर्जासारखा भिंतीला वाक्यं सांगत होता? हे कळायला एकच उपाय होता, आणि तो मला पहिल्या आठवड्यातच सुचला होता. एक दिवस काहीच कापायचं नाही. जागाच सोडायची नाही. मग घरी जायचं आणि तो येतो का बघायचं. हा उपाय मी रोज उद्यावर ढकलत होते. कारण आला नाही, तर तीन-चार वर्षं जे मी मनाशी बोलत नव्हते ते बोलावं लागलं असतं.

सासूबाईंचे डोळे गेले आहेत म्हटलं तरी चालेल, पण कान शाबूत. दुपारी फोन उशाशी घेऊन त्या आमची मालिका ऐकतात आणि झोपले होते म्हणून सांगतात. मालकिणीची त्यांना फार चीड. एवढा चांगला माणूस दारात येऊन उभा राहतो, हिला बस म्हणता येत नाही का, असं त्यांचं म्हणणं. एकदा जेवताना त्या मला म्हणाल्या, “तुम्ही दोघं संध्याकाळी ओट्यापाशी श्वास रोखून काय वास घेता गं? गॅस गळतो की काय?” नवऱ्याने मान खाली घालून घास चिवडला. मी म्हटलं, नाही हो आई, कसला वास, तुम्हाला भास झाला. त्या म्हणाल्या, “दोघांचे श्वास एकदम बंद होतात. मला इथे खोलीत ऐकू येतं. मी आपली उठून बसते, की आता स्फोट होणार.” आम्ही दोघंही हसलो नाही. मला तेव्हा एवढंच खटकलं की त्या ‘दोघांचे’ म्हणाल्या, पण मनात पाल चुकचुकली तरी मी तिला हाकलून दिलं.

मग लेखकरावांनी मालिका संपवायला काढली. वरून आलं होतं, लोक कंटाळायच्या आत भेटवा. शेवटच्या भागात भाडेकरू खोली सोडून जायचा असतो, किल्ली द्यायला खाली येतो, मालकीण किल्ली घेत नाही. बस. त्यापुढे पानभर कोरं आणि मधोमध कंस, ‘इथे सगळं.’ मी या वेळी फोन केला नाही. दुपारी एकटी बसले, खर्जाचं ‘ही किल्ली’ घेतलं, बाईसाहेबांचं ‘राहू दे’ घेतलं, आणि पुढची कोरी जागा बघत राहिले. माझे सगळे श्वास ओळीने मांडलेले होते. वर्षभर वापरून वापरून त्यांच्यातला एकही आता मला माझा वाटत नव्हता. आणि त्या दिवशी मी ठरवलं, की आजचाच दिवस. श्वास घालायचा नाही, पाऊल नाही, कापड नाही, किल्लीचा आवाज नाही. ‘राहू दे’नंतर नुसती खोली. हे असंच ठेवायचं, घरी जायचं, आणि काय होतं ते बघायचं. मी एकेक करून सगळं वरचं काढलं. खाली माझ्या स्वयंपाकघराची शांतता तेवढी राहिली. ती फारच बारीक वाटली म्हणून मी आवाज वाढवला, आणखी वाढवला.

त्या शांततेत कोणीतरी होतं.

मी पहिल्यांदा कानांवरचे हेडफोन काढून मागे वळून पाहिलं. मागे बंद दार आणि माझी पर्स. परत हेडफोन लावले. तुकड्याच्या अगदी सुरुवातीला, अगदी खोल, कोणीतरी श्वास आत घेत होतं. आणि सोडत नव्हतं. तुकडा संपत होता, पुन्हा सुरू होत होता, पुन्हा तो श्वास आत जात होता. माझा नव्हता. माझे मला अंधारात ओळखता येतील. आणि त्या दुपारी मी यंत्र सुरू करायच्या आधीच श्वास भरून घेतला होता. रिकाम्या घरात, दाराकडे पाठ करून मी उभी होते, आणि माझ्या मागे कोणीतरी येऊन, श्वास घेऊन, माझ्याइतकंच न हलता उभं होतं. वर्षभर हे मी रोज अंथरत आले होते. जे ऐकू येऊ नये म्हणूनच खाली घालायचं असतं ते कोण कशाला कान देऊन ऐकतं? मी मूळ भरलेला तुकडा शोधून काढला, न कापलेला, आणि तो शेवटपर्यंत ऐकला. श्वास आत जातो. मग बराच वेळ काही नाही. मग त्या काही नाहीच्या मध्ये, मुंगीच्या पावलाएवढं, खर् खर्. अंगठा आणि पहिलं बोट. मग माझा श्वास सुटतो, मोठ्याने, काम झालं म्हणून. आणि त्याच्या पाठोपाठ मागचाही सुटतो, हळूच. एक पाऊल. चपलेचं. मग दुसरं. दाराची कडी, वाजू नये म्हणून धरून लावलेली.

मी खुर्चीत बसून राहिले. वर्षभर मला वाटत होतं की प्रत्येक जागा किती रुंद ठेवायची ते मी मनाने ठरवते. इथे पुरे, असं आतून यायचं आणि मी कापायचे. ते आतून येत नव्हतं, खालून येत होतं. तो श्वास सुरू झाला की मी जागा सुरू करत होते, आणि तो जेवढा धरला होता तेवढी ती ठेवत होते. मी लांबवलं म्हणजे तरी काय, तोच तुकडा पुढे आणखी थोडा उघडा सोडला. पत्रं लिहिणाऱ्या त्या सगळ्या बायका रोज दुपारी डोळे मिटून माझ्या नवऱ्याबरोबर श्वास रोखत होत्या, आणि मला त्या क्षणी त्यांचा एवढा मत्सर वाटला की हसू आलं. मी त्याला कापत नव्हते. त्याचंच थांबणं मी दोन अनोळखी माणसांना वाटून देत होते. मग हसू गेलं. कारण तो त्या दुपारी आला होता आणि गेला होता. दाराची कडी धरून, चोरासारखा. जो माणूस एवढा वेळ श्वास धरून उभा राहतो तो शब्दही न बोलता का जातो? शेवटचा भाग मी तसाच ठेवला. वर काही घातलं नाही, फक्त खालचा श्वास थोडा मोठा केला. लेखकरावांना ऐकवला तेव्हा ते म्हणाले, यात कोण आहे? मी म्हटलं, खोली आहे.

संध्याकाळी मी भांडी काढली. त्या दिवशी माझ्या अंगात कसलीही मोजलेली जागा नव्हती, दिवसभरात मी एकही ठेवली नव्हती. सासूबाईंच्या खोलीतून टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. नळाखाली हात धरून मी वाट पाहत होते आणि वाट पाहतेय हे अंगाला कळू नये म्हणून धडपडत होते. दार वाजलं, चपला निघाल्या. तो मागे आला. हात वर गेला, आणि कपाला लागला. थांबला नाही. कप खाली आला. माझं काळीज कपाबरोबर खाली आलं. पण पावलं गेली नाहीत.

“आज काय झालंय?” तो मागून म्हणाला.

मी म्हटलं, कुठे काय.

“आज तू श्वास नाही धरलास.”

मी नळ बंद केला. आमच्या स्वयंपाकघराची ती शांतता आली. तिची प्रत्येक कड मला पाठ आहे, फळीची, खिडकीच्या काचेची. आणि तिच्या मध्यावर, माझ्या मागे, तो. वळावंसं वाटत होतं आणि वळले नाही. मी पाठीनेच विचारलं, “मालिकेसाठी मी इथे शांतता भरून घेत होते, तेव्हा तू घरी होतास?”

मग खर् खर् ऐकू आलं.

“डबा विसरलो होतो,” तो म्हणाला. “आलो तर तू इथे उभी. हलत नव्हतीस. मला वाटलं, मी आलो ते तुला कळलंय.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू श्वास धरला होतास ना. मला वाटलं, माझ्यासाठी. म्हणून मीही धरला. मग तू सोडलास. मला वाटलं, जा म्हणतेस.”

“आणि आता रोज?”

“मग त्या संध्याकाळी मी कप घेत होतो, आणि तू पुन्हा तसाच धरलास. तेव्हापासून रोज तू धरतेस, मी थांबतो. तू सोडतेस, मी जातो.”

माझ्या हातांवरचं पाणी ओट्यावर ठिबकत होतं. वर्षभर, रोज, प्रत्येक भागाच्या शेवटी मी तो सोडलेला श्वास बसवला होता. लोकांना उद्या या म्हणून सांगणारा. आणि हल्ली घरी येऊन तोच, नकळत, या माणसाला. मला कोणाचा राग करावा कळेना, आणि रडू येईल असं वाटलं तेव्हा कळलं की मी श्वास आत घेतलेला आहे. मागेही घेतलेला होता. दोन्ही बंद. अंगावर सर्रकन काटा आला, कारण मला स्पष्ट वाटलं की कुठेतरी काचेपलीकडे कोणीतरी बसलंय, कान लावून, बोट तयार ठेवून, आणि आता ते म्हणणार, इथे पुरे. आता मी सोडेन आणि संगीत सुरू होईल आणि तो कप घेऊन बाहेर जाईल. छाती दुखायला लागली. माझी छाती अशा वेळी काय करते ते मला पाठ आहे. ती सोडते.

मी सोडायच्या आधी वळले. तो अगदी जवळ होता, मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जवळ. त्याच्या पापणीवर प्लास्टरचा पांढरा कण होता. मी ओल्या बोटाने तो काढला. त्याने कप न बघताच मागे ठेवला, तो ओट्याच्या कडेला लागून वाजला, आणि त्याच्या हाताने माझी हनुवटी धरली, खालून, तळहाताने, तशीच.

“गॅस बंद आहे ना रे?” सासूबाईंनी खोलीतून विचारलं. बातम्या कधी बंद झाल्या होत्या कोण जाणे.

“बंद आहे, आई,” तो म्हणाला. त्याचा श्वास माझ्या तोंडावर सुटला, आणि तो गेला नाही.